तिथी गुणिले पाऊण

कोकणातल्या सहली साधारणपणे रविवार बघून ठरतात आणि तिथेच चुकतात. अलिबाग ते मुरुड हा किनारा एका दिवसात, आणि तोही वाटाड्यासोबत नीट बघायचा असेल, तर कॅलेंडरवरची लाल तारीख नव्हे, तिच्याखाली बारीक अक्षरात छापलेली तिथी आधी बघावी लागते. इथला बघण्यासारखा निम्मा मुलूख दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दोनदा वर येतो. तो वर कधी येणार हे घड्याळ सांगत नाही, चंद्र सांगतो.

मुंबईपासून मुरुडपर्यंतच्या कोळीवाड्यांत हा हिशोब तोंडपाठ असतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. ज्यांनी शाळेत पाऊणकी घोकली त्यांना कागदही लागत नाही. बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. म्हणजे तृतीयेला भरती सव्वादोनला, पहाटेही आणि दुपारीही. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, कारण अमावास्या आणि पौर्णिमा दोन्हीकडून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. अर्धा तास इकडे-तिकडे होतो. तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर जास्तच. म्हणून छापील भरतीचं कोष्टक जवळ हवंच. पण कोष्टकातली चुकीची ओळ वाचली गेली तर ते लगेच लक्षात यावं, यासाठी पाऊणकीही हवी.

आता यातली मेख. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. त्या दिवसांत पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खोलही ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. पाऊणकी लावून बघा. पौर्णिमेला भरती साडेअकरा-बाराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. थोडक्यात, या किनाऱ्यावर खोल ओहोटी नेहमी दिवसाच्या कडेला येते, आणि दुपारी निवांत जेवणाआधी येणारी ओहोटी नेहमी उथळ असते. मुंबईहून सकाळी निघून बाराला अलिबागेत पोचणाऱ्या माणसाला अष्टमीच्या दिवशी ‘आज ओहोटी आहे’ असं कोणी सांगितलं तर ते खोटं नसतं. पण समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याकडे जाताना पाणी कमरेला लागतं.

म्हणून दिवस निवडायचा तो द्वितीया ते चतुर्थी. उधाणाचा खरा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतो, आणि ओहोटी सरकत सरकत साडेसात ते नऊ अशा माणसात बसणाऱ्या वेळेला आलेली असते. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर काळा दगड सकाळी दहालाच तापतो, आणि जून ते ऑगस्ट या किनाऱ्यावर खडपात, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळात, उतरायचंच नाही. मुक्काम आदल्या रात्री अलिबागेत करावा. गेटवेहून पहिली लाँच पकडून मांडव्याला उतरून पुढे अलिबाग गाठेपर्यंत तृतीयेची ओहोटी निम्मी संपलेली असते.

हे सगळं जमवायचं ते कशासाठी? लाव्ह्यासाठी. ज्वालामुखीचा किनारा म्हटलं की डोळ्यांसमोर आइसलँड येतं, हवाई बेटं येतात. अलिबाग येत नाही. आपल्याकडे ज्वालामुखीला शंकूच्या आकाराचा डोंगर आणि वर धूर लागतो. दख्खनचा ज्वालामुखी असा डोंगरातून उसळला नाही, तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून वाहिला. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, थरावर थर. आज शिल्लक आहे तेवढाच जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दीड-दोन किलोमीटर भरते. कळसूबाईचा माथा आणि अलिबागच्या ओहोटीत उघडं पडणारं खडप हे एकाच घराण्यातले. फरक एवढाच की सह्याद्रीतले थर जवळजवळ आडवे आहेत आणि पनवेलच्या रेषेपासून पश्चिमेला येताना ते समुद्राकडे कललेले आहेत. घाटातला कडा आपण मान वर करून लांबून बघतो. इथे तोच दगड पायाखाली असतो, पाण्याने रोज दोनदा धुतलेला, मातीचा कण नसलेला, गुडघ्यावर बसून वाचता येईल असा. काळा कातळ वाचायला शिकायचं असेल तर घाटापेक्षा हा किनारा चांगला, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तृतीया धरून चालू. ओहोटीचा तळ सव्वाआठला. गट बारा ते पंधरा जणांचा, त्याहून मोठा नको, कारण खडपात माणसं ओळीने नव्हे, पसरून चालतात आणि शेवटचा माणूस हाकेच्या बाहेर जातो. पुढे एक वाटाड्या, मागे एक जाणता, दोघांकडे शिट्टी. पायात बूट. जुने असले तरी चालतील, पण मागून बंद आणि तळवा रबरी हवा. चपलेने दोन गोष्टी होतात. चिखलात ती अडकून राहते, आणि खडपावर पाय घसरला की उघडी बोटं कालवांवर जातात. दगडाला चिकटलेल्या कालवाच्या शिंपीची कड पात्यासारखी असते. तिची जखम लहान दिसते, पण मिठाच्या पाण्याने आणि वाळूने ती आठवडाभर त्रास देते. हिरवं शेवाळ निसरडं, हे सगळ्यांना कळतं. फसवतं ते ओल्या दगडावरचं काळपट, पातळ, दिसेल न दिसेल असं शेवाळ. पाय नेहमी बार्नॅकल या दगडाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवांच्या खरखरीत पांढऱ्या ठिपक्यांवर टाकावा. तिथे पकड मिळते.

कुलाबा किल्ल्याकडे निघायची वेळ सव्वासात. तळाच्या एक तास आधी पाणी इतकं उतरलेलं असतं की घोट्यापर्यंत भिजून जाता येतं. चाल पंधरा-वीस मिनिटांची. किनाऱ्यावर घोडागाड्या असतात, त्या पाण्यातूनही नेतात. पण गाडीतून गेलात तर जे बघायला आलात ते चाकांखालून निघून जातं.

परतीचा हिशोब जाण्याआधीच सांगून ठेवावा लागतो, कारण किल्ल्यात शिरल्यावर कोणी ऐकत नाही. भरतीचं पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाला तळ ते माथा चार मीटरचा फरक धरा. पहिल्या तासात पाणी फूटभर चढतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या तासाअखेर एक मीटर. तिसऱ्या एकाच तासात आणखी एक मीटर. ‘आत्ता तर एवढंसंच होतं’ हे वाक्य इथे दर हंगामात ऐकू येतं, त्यामागे हे गणित आहे. शिवाय मधली वाळू थोडी उंच आणि कडेची बाजू सखल, अशी भुई असली की समुद्र समोरून येत नाही, बगलेतून येतो. तुम्ही कोरड्यावर उभे असता आणि घराकडची वाट आधी बुडते. म्हणून नियम एकच: तळानंतर एका तासाने, म्हणजे सव्वानऊला, शेवटचा माणूस किल्ल्यातून बाहेर पडलेला असला पाहिजे. फोटो राहिला तर राहिला.

खडपावर पहिलं काम खाली बघण्याचं. दगडात बारीक भोकं दिसतील, मुगाएवढी ते सुपारीएवढी. ते लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच इथे झालं. दाब उतरला, वायू सुटला, वर चढू लागला, आणि तेवढ्यात लाव्हा थिजला. त्यामुळे एकाच थरात वरच्या अंगाला भोकं दाट, मध्ये दगड घट्ट, आणि अगदी तळाशी पुन्हा थोडी भोकं, कधी नळीसारखी उभी. एवढं कळलं की तुम्ही उभे आहात तो थराचा माथा की पोट, हे कोणाला न विचारता सांगता येतं. भोकं गोल नसून एका दिशेने ओढल्यासारखी लांबट असतील तर त्या दिशेने लाव्हा सरकत होता. नंतरच्या काळात काही भोकांत पाणी झिरपून पांढरी, क्वचित हिरवट खनिजं बसली. त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात, पण त्यात तीन वेगवेगळी कुळं आहेत. खरी गारगोटी काचेवर ओरखडा काढते. कॅल्साइटवर चाकूची रेघ उमटते आणि पातळ आम्ल टाकलं तर ते फसफसतं. झिओलाइटवरही रेघ उमटते, पण ते फसफसत नाही, आणि बऱ्याचदा पंख्यासारखं किंवा पेंढीसारखं वाढलेलं दिसतं. या परीक्षा वाटाड्याने खिशातून आणलेल्या सुट्या तुकड्यावर करायच्या. खडपावर हातोडा नाही, आणि किल्ल्याच्या दगडावर तर नखही नाही.

दुसरी गोष्ट भेगांची. थिजलेला लाव्हा गार होताना आक्रसतो, आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखा, आणि त्याला बहुभुज भेगा पडतात. भेगा वरून खाली उतरत गेल्या की खांब तयार होतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला हे खांब उभे दिसतात. इथे बहुतेक ठिकाणी आपण खांबांच्या डोक्यावर चालत असतो, म्हणून फरशी घातल्याचा भास होतो. ‘ही शिवकालीन फरसबंदी का?’ हा प्रश्न ठरलेला. फरशी ओळखायची खूण अशी की माणसाने घातलेल्या फरशीचे कोपरे बहुधा चार. लाव्ह्याच्या फरशीचे पाच-सहा, आणि एकही कोपरा दुसऱ्यासारखा नाही.

समुद्र दगड फोडतो तो याच भेगांतून. लाट आपटते तेव्हा भेगेतली हवा दाबली जाते, लाट मागे गेली की ती सुटते, आणि हे दिवसाला हजारो वेळा. कातळ पुसून जात नाही, तो तुकड्या-तुकड्याने उचकटला जातो. ही गोष्ट खडपावर बघून घेतली की मगच किल्ल्याच्या तटाकडे वळावं, कारण तटाने त्याला दिलेलं उत्तर तेव्हाच कळतं.

कुलाब्याच्या तटात मोठमोठे ओबडधोबड चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत. मध्ये चुना नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो कच्चेपणा वाटतो. पण फटी मोकळ्या आहेत म्हणून लाटेचं पाणी आत शिरतं, विखुरतं, आणि वाहून जातं. दाब कुठे कोंडत नाही. दरजा बंद केल्या असत्या तर प्रत्येक लाटेला धक्का मारायला सपाट भिंत मिळाली असती. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात सुरू झालेलं हे बांधकाम संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं झालं, आणि तट उभा आहे. शेजारचा छोटा सर्जेकोटही बघावा. आतल्या सिद्धिविनायकाला नमस्कार करून, गोड्या पाण्याची विहीर बघून निघावं. चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोडं पाणी कसं, याचंही उत्तर दगडातच आहे. पावसाचं पाणी भेगांतून आणि भोकांतून मुरतं, आणि गोडं पाणी हलकं असल्याने खाऱ्यावर तरंगून राहतं. जास्त उपसलं तर मात्र खालचं खारं वर येतं.

किनाऱ्यावर परतलं की अलिबागची वाळू हातात घ्यावी. ती काळसर असते, लोक तिला घाण समजतात. घाण नव्हे, तो दळलेला बेसाल्ट, म्हणजे हाच लाव्ह्याचा काळा दगड. ओहोटीनंतर वाळूवर लाटांनी काढलेल्या काळ्या रेघा दिसतात. तिथली कोरडी चिमूट कागदावर घेऊन खाली साधा लोहचुंबक फिरवला की काही कण उभे राहून चालायला लागतात. तो मॅग्नेटाइट, चुंबकाला ओढलं जाणारं लोहखनिज. मुलं या एका प्रयोगावर अर्धा तास घालवतात आणि त्यांना घालवू द्यावा, कारण पुढचा मुद्दा याच कणांचा आहे.

हाच मॅग्नेटाइट कातळातही आहे. लाव्हा थिजून साधारण ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्यातले हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत कायमचे बसतात. दख्खनच्या दगडांतली ही दिशा मोजली तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक, त्यातल्या बऱ्याच थरांत उत्तर-दक्षिण आजच्या उलट आहे, म्हणजे तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्वच उलटं होतं. दोन, हे थर वाहिले तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे ३० अंशांवर होती. आज हिंदी महासागरातल्या ज्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी अजून अधूनमधून वाहतो, तिथल्याच खोल उष्णतेचं हे जुनं काम, असं मानलं जातं. होकायंत्र कमरेच्या उंचीवर धरा, आकडा बघा, मग तेच एखाद्या उघड्या कातळावर टेकवा. काटा पाच-दहा अंश हललेला अनेकदा सापडतो. मोबाइलमधल्या होकायंत्राने हा प्रयोग करू नये, ते फोनच्या आवरणातल्या चुंबकानेही हलतं आणि मग वाद घालत बसावं लागतं.

अलिबागेतच, समुद्राला लागून, चुंबकीय वेधशाळा आहे. पर्यटक तिच्या कुंपणावरून रोज जातात. मुंबईच्या कुलाब्याला एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या मोजणीत बिघाड होणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये काम अलिबागेत हलवलं गेलं आणि काही काळ दोन्हीकडे एकत्र मोजणी करून आकड्यांचा दुवा जुळवला गेला. गंमत पुढे आहे. ज्या गावात जिथे खणाल तिथे काळा दगड निघतो, त्या गावात या इमारतींसाठी पोरबंदरचा दगड आणावा लागला. इथला दगड स्वतःच चुंबकीय. आत सर्वांना प्रवेश नसतो, पण बाहेर थांबून एवढं सांगितलं तरी पुरे.

दहाच्या सुमाराला अलिबाग सोडावं. रेवदंडा १७ किलोमीटर. रस्ता माडा-पोफळींच्या वाड्यांतून जातो, घाई करायचं कारण नाही. वाटेत चौल. हिवाळ्यात या पट्ट्यात वालाच्या शेंगांची पोपटी लागते, पण ती रात्रीची गोष्ट, दिवसाच्या सहलीत बसत नाही. पांढऱ्या कांद्याच्या माळा मात्र हंगाम असेल तर घ्याव्यात, परतीच्या वाटेवर दुकानं बंद झालेली असतात.

कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लईचा डोंगर समोर येतो. समुद्रात घुसलेली एक लांबट जीभ, तीन बाजूंना पाणी, पाठीवर पोर्तुगीज तटबंदी. दीपगृहापर्यंत गाडी जाते आणि तिथून चढायला पाऊण तास पुरतो. चढताना कड्याच्या कापात थर दिसतात का ते बघत राहायचं. दोन लाव्ह्यांच्या मध्ये विटकरी-तांबड्या मातीचा पट्टा आला तर थांबायचं. तो पट्टा म्हणजे दोन वाहण्यांमधली उसंत. त्या काळात खालच्या लाव्ह्याच्या माथ्याची झीज होऊन माती तयार झाली आणि वरून आलेल्या पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. घाटातल्या अनेक कड्यांवर हे तांबडे पट्टे आहेत. रस्ते बांधणाऱ्यांना ते चांगले माहीत असतात, कारण दरड अनेकदा तिथूनच सुटते. माथ्यावर पोचाल तेव्हा एक वाजत आलेला असेल आणि भरती बरीच वर. सकाळी पायाखाली तुडवलेल्या खडपांसारखीच इथली खडपं आता पाण्याखाली, वर फक्त फेसाची रेघ. ती रेघ म्हणजेच खडपाची बाहेरची कड. ती वरून बघून ठेवावी. पायथ्याच्या कोर्लई गावात पोर्तुगीजमधून उपजलेली, मराठीच्या शेजारात वाढलेली स्वतंत्र बोली आजही घरात बोलली जाते. गावकरी तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. गाव बघायला नव्हे, वाटेत लागतं म्हणून ओलांडायचं. अंगणात कॅमेरे घुसवायचे नाहीत.

काशीदला सगळे थांबतात. पांढरी पुळण छान आहे, शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे ती अलिबागपेक्षा उजळ, एवढं गाडीतून सांगून पुढे निघावं. इथे थांबलात तर जंजिऱ्याची होडी हुकते.

जेवून राजपुरीच्या धक्क्यावर तीनला पोचायचं. भरती नुकतीच उलटलेली असते, पाणी पुरेसं असतं, आणि शिडाची होडी किल्ल्याच्या दाराशी नीट लागते. होडीत चढता-उतरताना होणारी चूक एकच: होडी खाली जात असताना पाय टाकणं. पाण्यावर ती फूट-दीड फूट वर-खाली होत असते. वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा पाऊल टाकायचं, आणि तांडेल म्हणेल तेव्हाच. हातात पिशवी नको, दोन्ही हात मोकळे हवेत. मुख्य दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, पण अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. तो तटाच्या घडीत लपवलेला आहे.

जंजिऱ्यात वाटाडे कलालबांगडी तोफेची गोष्ट सांगतात, सिद्दींचा इतिहास सांगतात, तो ऐकावाच. फक्त तटाच्या पायथ्याशी नजर टाकायला विसरू नये. जझीरा म्हणजे बेट, आणि हे बेट म्हणजे खाडीच्या तोंडाशी शिल्लक राहिलेला बेसाल्टचा तुकडा. तट कुठे सुरू होतो आणि मूळ कातळ कुठे संपतो ते काही ठिकाणी शोधावं लागतं. दगड तोच, नुसता घडवलेला.

साडेचार-पावणेपाचला होडीने परत. सव्वापाचला मुरुडच्या किनाऱ्याच्या टोकाला, खडपावर. पाणी आता निम्म्यावर आलेलं असतं. मुरुड-जंजिऱ्याच्या परिसरात भित्ती बघायला मिळतात, ज्यांना भूशास्त्रज्ञ डाइक म्हणतात. आधी थिजलेल्या कातळाला भेग पडली, तिच्यात खालून नवा लाव्हा चढला आणि भेगेतच गोठला. जमिनीवर ती सरळ काळी पट्टी दिसते, एखाद्या बुजवलेल्या चरासारखी, कधी आजूबाजूच्या दगडापेक्षा उंच राहिलेली तर कधी खोलगट झिजलेली. ओळखायच्या खुणा दोन. कडांना दगड बारीक कणांचा, जवळजवळ काचेसारखा, कारण तिथे तो गार भिंतीला टेकून झटकन थिजला. आणि भेगांचे खांब उभे नसून आडवे, सरपणाची मोळी रचल्यासारखे, कारण खांब नेहमी गार पृष्ठभागाला काटकोनात वाढतात आणि इथे गार पृष्ठभाग दोन्ही बाजूंना होता. यातल्या बऱ्याच भित्ती उत्तर-दक्षिण, किनाऱ्याला समांतर जातात. भेग उत्तर-दक्षिण पडायची तर जमीन पूर्व-पश्चिम ताणली गेली पाहिजे. ती तशी ताणली गेलीच. पश्चिमेकडचा तुकडा तुटून दूर गेला, त्याचाच उरलेला भाग आज सेशेल्स बेटांत आहे, आणि मधल्या जागेत अरबी समुद्र आला. होकायंत्र पट्टीच्या रेषेत धरायचं आणि मग मान वळवून मावळतीकडे बघायचं.

त्याच दिशेला, पाण्यात, पद्मदुर्ग. जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी कासा बेटावर बांधलेला. तिथे होडी जाणं समुद्राच्या आणि परवानगीच्या मर्जीवर असतं, एका दिवसाच्या फेरीत ते बसवू नये, वेगळा दिवस काढावा. गेलात तर पडकोटाच्या, म्हणजे बाहेरच्या कोटाच्या, तटाला हात लावून बघा. चिरे खाऊन आत गेलेत आणि त्यांच्यामधला चुना कडांसारखा बाहेर उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. शिंतोड्यांचं खारं पाणी दगडाच्या भोकांत शिरतं, उन्हात वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून एकेक कण ढकलून काढतात. ज्या दगडाने डोंगर उभे केले तो बोटभर, काही ठिकाणी त्याहूनही खोल गेला, आणि गवंड्याने कालवलेला चुना राहिला. सकाळी बघितलेल्या कुलाब्याच्या तटात चुनाच नव्हता. दोन्ही किल्ले एकाच किनाऱ्यावर, एकाच काळातले. त्यांपैकी कोणाचं बरोबर, हा वाद परतीच्या गाडीत मुरुड ते रेवदंडा पुरतो.

गाडीत बसण्याआधी एक काम. खडपावरची ओल्या-कोरड्याची रेघ बघून ठेवायची आणि गटातल्या सगळ्यात लहान पोराला उद्याची ओहोटी विचारायची. उद्या चतुर्थी. चार पाऊण तीन, तीनला भरती. तीनमधून सव्वासहा मागे.

पावणेनऊ.